छोट्या होडीच्या इंजिनाची दोरी

२०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री बडोद्यात शिरली. शहरात या नदीची धोक्याची पातळी २५ फूट मानली जाते. त्या आठवड्यात पाणी ३५ फुटांवर गेले. लष्कराच्या आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या होड्या ज्या रस्त्यांवरून फिरल्या, तेथे आदल्या दिवशी रिक्षा धावत होत्या. २७ ते २९ ऑगस्ट या तीन दिवसांत वनखात्याने निवासी वस्त्यांमधून २४ मगरी पकडल्या. पाणी ओसरल्यावर चिखल उपसता उपसता अनेक घरांत एकच विषय निघू लागला: पुढच्या खेपेस मदतीची वाट पाहत गच्चीवर बसण्याऐवजी सोसायटीची स्वतःची एखादी होडी का असू नये?

विचार वावगा नाही. परंतु होडी घेणे आणि ती हुकमात ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. फायबरची लहान होडी मिळते, जुने आउटबोर्ड इंजिनही मिळते. त्या इंजिनाचा वेग, गिअर आणि थांबणे चालकाच्या हाताशी आणणारी जी यंत्रणा असते, ती मात्र बहुधा जुन्या इंजिनासोबत येत नाही. मग मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर काम करणारा एखादा कारागीर, स्कूटरच्या सुट्या भागांचे दुकान आणि घरातली हौस या तिघांच्या भरवशावर ती ‘बनवून’ घेतली जाते. सयाजीरावांनी १८९० मध्ये कलाभवन काढून ज्या शहराला यंत्रविद्येची गोडी लावली, तेथे असे काम करणाऱ्या हातांची वानवा नाही. गोव्याच्या किंवा कोकणच्या खाडीतल्या होडीवाल्यालाही हा प्रकार परका नाही. येथे मुद्दा कारागिरीच्या दर्जाचा नसून वेगळा आहे. रस्त्यावरच्या वाहनाचे नियम पाण्यावर जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि नेमकी तेथेच घरगुती यंत्रणा दगा देते.

लहान आउटबोर्ड इंजिन मुळात स्वयंपूर्ण असते. होडीच्या मागच्या फळीवर ते अडकवायचे, त्याचा दांडा हातात धरायचा. दांडा डावी-उजवीकडे ढकलला की होडी वळते, मूठ पिळली की वेग वाढतो, बाजूच्या खटक्याने पुढचा-मागचा गिअर पडतो आणि बटण दाबले की इंजिन बंद होते. अडचण एवढीच की चालकाला अगदी मागे बसावे लागते. माणूस मागे, इंजिन मागे, इंधनाची टाकीही मागे. परिणामी होडीचा नाळेकडचा भाग वर उचलला जातो आणि समोरचे दिसत नाही. पुराच्या पाण्यात वाहून येणारे ओंडके, बुडालेल्या मोटारींचे टप, लोंबणाऱ्या विजेच्या तारा यांच्यामधून वाट काढायची तर समोर न दिसणे परवडत नाही. म्हणून चालकाला मध्यभागी आणण्याचा खटाटोप सुरू होतो.

त्याचा सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे पीव्हीसी नळीचा तुकडा. इंजिनाच्या मुठीवर नळी चढवून क्लिपांनी आवळली की दांडा दीड-दोन फुटांनी लांबतो. नळी पिळली की मूठही पिळली जाते. जगभरचे हौशी होडीवाले हे करतात आणि शांत पाण्यात ते चालतेही. त्यात दोन खोटी आहेत. उन्हात राहून पीव्हीसी ठिसूळ होते आणि नेमके जोर लावताना तडकते, ही एक. दुसरी अधिक गंभीर: चालक पुढे सरकतो, पण बंद करण्याचे बटण मागेच राहते. नळी वापरायचीच असेल, तर इंजिन बंद करणारी दोरी चालकाच्या अंगाला बांधलेली असणे ही अट समजावी. त्या दोरीकडे पुढे सविस्तर येऊच.

नळीपेक्षा पुढची पायरी म्हणजे केबल. येथे सायकल-स्कूटरच्या ज्ञानाचा उपयोग होतो आणि त्याच ज्ञानाने फसगतही होते. स्कूटरच्या थ्रॉटलची केबल ही बोडेनची केबल. अर्नेस्ट बोडेन यांनी १८९६ मध्ये तिचे पेटंट घेतले. आत तारेचा दोर, बाहेर वेटोळ्याचे आवरण, म्हणजेच दुकानदाराच्या भाषेत इनर आणि आउटर. ही केबल फक्त ओढू शकते. सोडल्यावर मागे नेण्याचे काम पलीकडच्या स्प्रिंगचे असते. कारखान्यात तयार झालेल्या होडीच्या नियंत्रणात याहून वेगळी, ढकलणारी आणि ओढणारी अशी दोन्ही कामे करणारी केबल असते. तिचा गाभा जाड आणि ताठ असतो, त्यामुळे एकाच केबलने गिअर पुढेही टाकता येतो आणि मागेही. स्कूटरची केबल गिअरला जोडली, तर पुढचा गिअर ओढून पडेल. पण उलटा गिअर टाकायला ती ढकलू पाहावी तर आतला दोर मुडपेल. गिअरला ढकल-ओढ केबल वापरणे हाच खरा इलाज. ती बाजारात तयार मिळते आणि येथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

थ्रॉटलला मात्र बोडेन केबल चालू शकते, नव्हे, एका दृष्टीने तीच बरी. पेट्रोल इंजिनाच्या कार्बोरेटरवर परतीची स्प्रिंग चांगली असेल आणि केबल तुटली, तर इंजिन आपोआप मंद होते. तुटले तर वेग कमी व्हावा, वाढू नये, ही घरगुती रचनेची पहिली कसोटी. ढकल-ओढ केबलमध्ये हे गृहीत धरता येत नाही. ती अडकली तर थ्रॉटल आहे तेथेच राहू शकते.

आता घर्षण. केबल कशी वळवून नेली आहे याकडे क्वचितच कोणी लक्ष देते. कप्पीवर दोर जितका अधिक गुंडाळला जातो तितका तो घट्ट धरतो, हे विहिरीवर पाणी ओढणाऱ्यालाही ठाऊक असते; केबलच्या आवरणातही तेच घडते. घर्षणाचा गुणांक ०.१५ धरला, तर एका काटकोनी वळणामुळे ओढण्याचे बळ सुमारे सव्वापट लागते. अशी चार वळणे झाली की ते अडीचपट होते, आणि परतीच्या स्प्रिंगचा जोर त्याच प्रमाणात खाल्ला जातो. स्कूटरवर जी स्प्रिंग मूठ झटकन मागे आणते, तीच होडीत लांब आणि वेड्यावाकड्या केबलपुढे हतबल ठरते. कोरड्या दिवशी घाटावर थ्रॉटल व्यवस्थित परततो. पावसात, गाळ शिरल्यावर किंवा गोव्याच्या खाऱ्या हवेत महिनाभर राहिल्यावर परतत नाही. म्हणून वळणे कमी आणि ऐसपैस ठेवावीत. २० सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचे वळण टाळलेलेच बरे.

आवरणाची दोन्ही टोके पक्की बांधणे ही आणखी एक बाब, जी इतकी साधी आहे की विसरली जाते. इनर खेचला जातो तेव्हा आउटरवर तितकाच उलटा दाब येतो. आउटरचे टोक सैल असेल तर हालचाल इंजिनापर्यंत पोहोचतच नाही, आवरणच सरकते. ‘लिव्हर पूर्ण ढकलला तरी गिअर अर्धाच पडतो’ ही तक्रार बहुतेक वेळा येथून उगवते. प्लास्टिकच्या पट्टीने आवळून हे भागत नाही. धातूचा क्लँप आणि चेकनट हवा. केबलचे टोक जुळवताना लिव्हर न्यूट्रलवर, इंजिनाचा गिअर न्यूट्रलवर आणि केबल मोकळी ठेवावी. टोकाचे छिद्र खिळ्यासमोर आपसूक यावे, ओढून-ताणून नव्हे.

गिअरचा स्वभावही समजून घेण्याजोगा आहे. आउटबोर्ड इंजिनात मोटारीसारखा घसरत घसरत धरणारा क्लच नसतो. दात असलेला एक तुकडा समोरच्या दात्यांत खटकन अडकतो, एवढेच. तो मंद वेगात आणि निश्चयाने टाकायचा असतो. हळुवार टाकला तर दाते एकमेकांवर घासून झिजतात. भरधाव वेगात टाकला तर मोडतात. घरी बनवलेल्या लिव्हरला तीन जागी स्पष्ट खाचा नसतील, तर तो अर्धवट जागी थांबतो, लाटेच्या हादऱ्याने गिअर सुटतो किंवा नको तेव्हा पडतो.

कारखान्याच्या एका लिव्हरच्या पेटीत हे सारे सांभाळलेले असते. लिव्हर थोडा पुढे नेला की आधी गिअर पडतो, आणि तो पूर्ण पडल्यावरच पुढच्या हालचालीत थ्रॉटल उघडतो. मागे आणताना क्रम उलटा होतो. चालकाने चूक करायची म्हटली तरी ती करता येऊ नये, हे त्या पेटीचे खरे मोल. घरी अशी पेटी बनवणे अवघड आहे. बहुतेक जण दोन स्वतंत्र लिव्हर लावतात, एक वेगाचा आणि एक गिअरचा. त्यात काही बिघडत नाही, पण दोघांमध्ये अडसर हवा. त्याची एक सोपी रीत अशी: वेगाच्या लिव्हरसोबत फिरणारी एक लोखंडी चकती घ्यावी, तिच्या कडेला एकच खाच पाडावी, आणि गिअरच्या लिव्हरला जोडलेला खिळा त्या खाचेतूनच जाऊ शकेल असे करावे. वेग अगदी कमी असेल तेव्हाच खाच खिळ्यासमोर येते. एरवी गिअर हलतच नाही. लेथवाल्यासाठी हे काही तासांचे काम. ते न केल्यास मोबदला गिअरपेटीच्या रूपाने चुकवावा लागतो, आणि प्रवासी बसलेले असतील तर त्याहून महाग पडतो.

याच कुळातला दुसरा अडसर म्हणजे गिअरमध्ये असताना इंजिन सुरू न होणे. इंजिनावरच्या मूळ दांड्यात आणि दोरी ओढून सुरू करण्याच्या व्यवस्थेत तो बहुधा असतोच. विजेवर सुरू होणाऱ्या इंजिनाचे नियंत्रण घरी बनवताना मात्र तो हमखास गळतो, कारण बटणापासून स्टार्टरपर्यंत थेट तार नेली की काम ‘झाले’ असे वाटते. लहान बोटींसाठी आयएसओ ११५४७ हे आंतरराष्ट्रीय मानक केवळ याच विषयाला वाहिलेले आहे, यावरून त्याचे महत्त्व ध्यानी यावे. न्यूट्रलमध्येच जोडला जाणारा एक छोटा स्विच स्टार्टरच्या तारेत बसवला की काम भागते. तो नसेल तर इंजिन सुरू होताच होडी झेप घेते आणि घाटावर एक पाय ठेवून उभा असलेला माणूस पाण्यात जातो.

वळण आणि वेग यांचा एक छुपा संबंध आहे, तो सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. आउटबोर्ड इंजिनच सुकाणू असते. होडी वळवताना संपूर्ण इंजिन फिरते. केबल आखूड असेल किंवा तिच्या टोकाला पुरेसा मोकळा झोळ ठेवलेला नसेल, तर एका बाजूला वळताना केबल ताणली जाते आणि कोणी हात न लावता थ्रॉटल उघडतो. वळणावर होडी आधीच एका कुशीवर कललेली असते. त्यात अचानक वेग वाढला, माणसे एका बाजूला सरकली, तर पुढचे सांगण्याची आवश्यकता नाही. म्हणून जोडणी संपल्यावर इंजिन बंद असतानाच ते दोन्ही टोकांपर्यंत फिरवून आणि पूर्ण वर उचलून पाहावे, आणि त्या वेळी थ्रॉटलची दांडी केसभरही हलत नाही याची खात्री करावी.

आता त्या दोरीकडे. चालकाच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेली, दुसऱ्या टोकाला छोटी क्लिप असलेली लाल गुंडाळीदार दोरी अनेकांनी पाहिलेली असेल. बहुतेकदा ती इंजिनालाच गुंडाळून ठेवलेली असते. चालक पाण्यात पडला की क्लिप निघते आणि इंजिन बंद होते, इतके तिचे काम. ती नसेल तर काय होते? दांडा सुटलेले इंजिन पंख्याच्या ओढीने एका बाजूला वळते आणि होडी वर्तुळात फिरून पडलेल्या माणसाकडेच परत येते. लहान इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल आणि गिअरपेटी ते निम्म्यावर आणत असेल, तरी तीन पात्यांचा पंखा एका सेकंदात शंभराहून अधिक वेळा घाव घालतो. विश्वामित्रीत माणूस मगरीला भितो. त्या क्षणी पंखा अधिक जवळ असतो. अमेरिकेत १ एप्रिल २०२१ पासून २६ फुटांहून लहान मोटारबोटीच्या चालकाने वेगात असताना ही दोरी किंवा तिचा बिनतारी पर्याय वापरणे कायद्याने बंधनकारक झाले, ते अशाच अपघातांमुळे.

घरगुती जोडणीत या दोरीचा स्विच मागून पुढे आणताना एक सूक्ष्म फसवणूक घडते. मोटारीत बॅटरीवर चालणाऱ्या इग्निशनची तार तुटली की इंजिन बंद पडते. लहान आउटबोर्डचे इग्निशन मॅग्नेटोवर चालते. त्याला बॅटरी लागत नाही. ते बंद करायचे तर त्याची तार बॉडीला जोडून ठिणगी जमिनीत घालवावी लागते. म्हणजे येथे स्विच जोडला गेला की इंजिन थांबते, आणि तार तुटलेली असेल तर इंजिन थांबतच नाही. वाढवलेल्या तारेचा एखादा सांधा गंजला, काळ्या टेपखाली निसटला, तरी होडी नेहमीसारखीच सुरू होते, नेहमीसारखीच चालते. सुरक्षा मेली आहे हे कळण्याचा दुसरा कोणताही मार्ग नसतो, क्लिप ओढून पाहण्याखेरीज. यासाठी तारेचे सांधे कमीत कमी ठेवावेत, ते दाबून आणि जलरोधक नळीत बसवावेत, आणि इंजिनावरचा मूळ स्विच काढून न टाकता नवा स्विच त्याला समांतर जोडावा. दोन्हींपैकी कोणत्याही एकाने इंजिन थांबले पाहिजे.

पुरात इंजिन थांबले तर होडी प्रवाहाबरोबर वाहत जाईल, हा आक्षेप रास्त आहे. त्यावर उत्तर दोरी न बांधणे हे नव्हे. होडीत वल्ही असावीत, नांगराला दोर असावा आणि एक जादा क्लिप आत ठेवलेली असावी, जेणेकरून पडलेल्या चालकासोबत पहिली क्लिप पाण्यात गेली तरी मागे राहिलेल्यांना इंजिन पुन्हा सुरू करून त्याला उचलता येईल. ही जादा क्लिप सहसा कोणी ठेवत नाही.

डिझेल इंजिनाची गोष्ट निराळी. राजकोटकडची एका सिलिंडरची इंजिने पंपावर, छकड्यांवर आणि काही होड्यांवरही चालतात. त्यांचा ‘रेस’ हवा उघडत नाही, गव्हर्नरची स्प्रिंग ताणतो. ठिणगी नसल्याने तार जमिनीला जोडून ती थांबतही नाहीत, इंधनच तोडावे लागते. म्हणून डिझेल होडीत थांबवण्याची दांडी चालकाच्या हातापर्यंत स्वतंत्र केबलने आणणे अपरिहार्य आहे. जुन्या लाँचींवर सारंग वरून घंटेची दोरी ओढून खालच्या इंजिनवाल्याला इशारा देत असे. मधला माणूस चुकला तर धक्क्याला आदळणे ठरलेले. केबलने तो माणूस काढून टाकला, चूक मात्र केबलमध्ये शिरू शकते.

नियंत्रण सुटणे म्हणजे काय, हे १८ डिसेंबर २०२४ रोजी मुंबई बंदरात दिसले. इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’वर आदळली आणि १५ जणांचा जीव गेला. इंजिनातील बिघाडामुळे बोटीवरील ताबा सुटला, असे नौदलाने म्हटले. ती काही घरगुती जोडणी नव्हती. परंतु चाचणी कोठे घ्यावी, याचा धडा लहान होडीवाल्यालाही तितकाच लागू आहे. नवी जोडणी आधी जमिनीवर तपासावी, इंजिनाचा खालचा भाग पाण्याने भरलेल्या पिंपात बुडवून. पाण्याशिवाय चालवले तर थंड ठेवणारा पंप जळतो. त्यानंतर होडी घाटाला जाड दोराने बांधून गिअर टाकून पाहावा, आणि मग प्रवासी नसलेल्या मोकळ्या पाण्यात.

बडोद्याला या विषयाच्या आठवणी पुरापेक्षाही कडू आहेत. १९९३ मध्ये शहराच्या मध्यवर्ती सूरसागर तलावात होडी उलटून २२ जण बुडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या मोटनाथ तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली. १२ विद्यार्थी आणि दोन शिक्षिका गेल्या. क्षमतेपेक्षा अधिक माणसे होती आणि जीवरक्षक जॅकेटे सर्वांच्या अंगावर नव्हती. गुजरात उच्च न्यायालयाने त्याची स्वतःहून दखल घेतली. गोव्यातही त्याच वर्षी नाताळच्या दिवशी कळंगुटच्या समुद्रात पर्यटकांची होडी उलटून एकाचा मृत्यू झाला आणि २० जणांना वाचवावे लागले. यांपैकी कोणत्याही दुर्घटनेचा दोष केबलवर टाकता येणार नाही. पण भरलेल्या होडीत चूक पचवायला जागा उरत नाही, हे तिन्ही ठिकाणी सारखेच आहे. चार माणसांच्या होडीत वळणावरचा जो हिसका हसण्यावारी जातो, तोच दुप्पट माणसे बसवल्यावर काठावरून पाणी आत घेतो.

कायद्याचे म्हणाल, तर १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा आला आहे, आणि नदी-तलावांत यंत्रावर चालणाऱ्या होड्यांना सर्वेक्षण व नोंदणी लागते. चांदोदच्या संगमावर भाविकांना फिरवणाऱ्या होडीला जे नियम, ते सोसायटीच्या होडीला लागू नाहीत असे समजून चालणार नाही. भाडे घेऊन माणसे वाहायची असतील, तर घरी बनवलेल्या नियंत्रणाचा विचारच करू नये. तेथे कारखान्याची पेटी आणि प्रमाणित केबल हवी. स्वतःपुरत्या, दोन-चार जणांच्या होडीसाठी घरगुती काम होऊ शकते. थ्रॉटल, लिव्हर, अडसराची चकती, सुकाणूचा लांब दांडा हे हाताने बनवावे. गिअरची केबल आणि दोरीचा स्विच विकतच आणावा.

अशी होडी वर्षातले अकरा महिने झाकून ठेवली जाते आणि बाराव्या महिन्यात, पाणी दारात आल्यावर, एकदम बाहेर काढली जाते. तोवर केबलमध्ये गंज धरलेला असतो, उंदरांनी तार कुरतडलेली असते आणि जुने पेट्रोल कार्बोरेटरमध्ये चिकटलेले असते. म्हणून मृग लागण्यापूर्वी एकदा इंजिन पिंपात उतरवावे, मंद वेगावर सुरू करावे, थ्रॉटल उघडून सोडावा आणि तो आपसूक परततो का ते पाहावे. नंतर सुकाणू दोन्ही टोकांना न्यावे. शेवटी दोरी ओढावी. इंजिन तत्काळ थांबले नाही, तर ती होडी त्या वर्षी बाहेर काढू नये.